गरिबाचे वकीलपत्र कोण घेणार?

मामलेदाराच्या कचेरीच्या व्हरांड्यात एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जाऊन उभे राहावे, म्हणजे गोमंतकातील न्यायव्यवस्थेचे जे दर्शन घडते ते पर्वरीच्या उच्च न्यायालयाच्या भव्य वास्तूत घडणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची घडी सांभाळीत माणसे भिंतीला टेकून बसलेली असतात. त्या घडीत एक-चौदाचा उतारा असतो, घरपट्टीच्या जुन्या पावत्या असतात, क्वचित पोर्तुगीज भाषेतील एखादा जीर्ण दस्त असतो आणि वर इंग्रजीत टंकलिखित केलेली नोटीस असते. यांपैकी एकही कागद त्या माणसाला धड वाचता येत नाही. आपल्याला बोलावले आहे एवढेच त्याला कळलेले असते. नाव पुकारले जाते, तो आत जातो, समोरच्या पक्षाचे वकील दोन वाक्ये बोलतात, पुढची तारीख पडते आणि तो बाहेर येऊन कचेरीतल्या शिपायाला विचारतो, ‘‘आज किदें जालें?’’

हा प्रश्न शिपायाला विचारावा लागतो, यातच आपल्या विधी साहाय्याच्या साऱ्या योजनांचे अपुरेपण सामावलेले आहे. गरिबाला वकील मिळावा म्हणून या देशात कायदा नाही असे नव्हे. कायदा आहे, आणि तो चांगला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीबद्दल लोकशाहीवाद्यांचे मत आजही कटूच आहे. पण त्याच दुरुस्तीने संविधानात ३९-अ हे कलम घातले आणि आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेपायी कोणाही नागरिकाला न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी मोफत विधी साहाय्याची व्यवस्था करण्याचे दायित्व राज्यसंस्थेवर टाकले. त्यानंतर १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संमत झाला. तो अमलात यायला मात्र १९९५ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. आठ वर्षे कायदा कागदावर झोपून होता, आणि त्याच्या पुढच्या प्रवासातही ही झोप पुरती उडालेली दिसत नाही.

या अधिनियमाचे बारावे कलम प्रत्येक गोमंतकीय कुटुंबाने एकदा समजून घ्यावे असे आहे. अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार, पूर, भूकंप वा जातीय हिंसाचाराला बळी पडलेले, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, या साऱ्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आणि तो त्यांच्या उत्पन्नावर अवलंबून नाही. उत्पन्नाची मर्यादा लागू होते ती या वर्गांत न बसणाऱ्यांना. म्हणजे सधन घरातली पण नवऱ्याने हाकलून दिलेली, हाती दमडी नसलेली स्त्रीसुद्धा या साहाय्यास पात्र आहे. घराण्याचे नाव मोठे आहे म्हणून तिला कोणी परत पाठवू शकत नाही. गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले, तेव्हा तेही सर्व या कलमाच्या छत्राखाली आले. त्यांच्यापैकी किती जणांना ही वार्ता कोणी सांगितली, हा प्रश्न वेगळा.

याहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, जिचा उच्चार फारसा कोठे होत नाही. या अधिनियमात ‘न्यायालय’ या शब्दाची व्याख्या दिवाणी आणि फौजदारी कोर्टांपुरती ठेवलेली नाही. महसुली न्यायालये, न्यायाधिकरणे आणि कायद्याने न्यायनिवाड्याचे अधिकार दिलेले इतर अधिकारी यांचाही तीत समावेश आहे. याचा सरळ अर्थ असा की, मामलेदारापुढे चालणाऱ्या मुंडकाराच्या किंवा कुळाच्या खटल्यातही मोफत वकील मागता येतो. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या त्या माणसाला हा हक्क आहे. त्याला तो ठाऊक नाही, आणि आतल्या टेबलामागे बसलेल्या कारकुनाला तो त्याला सांगण्याची गरज वाटत नाही.

गोव्यात या विषयाला जी धार आहे ती अन्यत्र कदाचित नसेल. येथे गरिबाचे भांडण बहुधा पायाखालच्या जमिनीचे असते. श्रीमती शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७५ साली मुंडकार कायदा झाला, १९७६ साली कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती होऊन कसणारा हा जमिनीचा मालक मानला गेला. भाऊसाहेब बांदोडकरांनी बहुजन समाजाच्या मनात जी आकांक्षा जागवली होती, तिला या दोन कायद्यांनी वैधानिक रूप दिले, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु विधिमंडळात मिळालेला हक्क मामलेदाराच्या दप्तरात आपोआप उतरत नाही. मुंडकार म्हणून नोंद करून घ्यावी लागते, घराखालच्या जागेची खरेदी करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, पुरावा मांडावा लागतो. आणि भाटकार वा त्याचे वारस, जे आज मुंबईत, लिस्बनमध्ये किंवा आखातात असतात, ते हजर झाले किंवा न झाले तरी प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते. निकाल लागला तर अपील, अपिलानंतर प्रशासकीय न्यायाधिकरण, त्यानंतर उच्च न्यायालय. एका खोपटीपायी आजा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांनी तारखा मोजल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात.

वकिलाची वाट किती खर्चाची असते, हे २०१४ साली आपण पाहिलेच. कूळ कायद्यात दुरुस्ती करून कुळांचे दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयाकडे वळविण्यात आले आणि दावे दाखल करण्यास मुदतही घालण्यात आली. दप्तरदिरंगाईवर उपाय म्हणून हे केले, असे त्या वेळी सांगण्यात आले. न्यायाधीश मामलेदारापेक्षा कायदा अधिक जाणतो हे खरे; पण मामलेदारापुढे स्वतःच्या बोलीत चार शब्द तरी बोलू शकणारे कूळ दिवाणी न्यायालयात वकिलावाचून मुके होते, ही साधी गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही. शेतकऱ्यांत असंतोष उसळला आणि पुढे हा बदल मागे घ्यावा लागला. कोर्ट बदलण्यापूर्वी कुळाच्या बाजूने कोण उभे राहणार याची व्यवस्था केली असती, तर कदाचित त्या सुधारणेचे निराळे फळ मिळाले असते.

स्त्रियांचा प्रश्न याच जातीचा आहे, फक्त तो कचेरीत न येता घरातच मिटविला जातो. गोव्यात चालत आलेल्या नागरी कायद्याचा आपण देशभर मोठ्या अभिमानाने उल्लेख करतो. पतिपत्नींच्या समाईक मालमत्तेत पत्नीचा अर्धा वाटा, स्थावर विकताना दोघांच्या सह्या, मुलगा-मुलगी यांना सारखा वारसाहक्क, हे सारे या कायद्यात आहे. आणि २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरीविषयक अधिनियमाने वारसाहक्काचा भाग इंग्रजीत नव्याने बांधूनही घेतला आहे. पण हिंदू घरांत बहिणीच्या हाती पेन देऊन हक्कसोडीच्या कागदावर सही घेण्याची जी रीत पडून गेली आहे, तिचे काय? भावाने भाऊबीजेला साडी द्यावी आणि बहिणीने वाटा द्यावा, हा व्यवहार आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या घरी पाहिला आहे. सही करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो तिचा प्रश्न. पण सही करण्यापूर्वी आपण काय सोडीत आहोत, हे तिला दुसऱ्या पक्षाशी बांधील नसलेल्या कोणीतरी दहा मिनिटे समजावून सांगावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. अधिनियमात विधी सेवेची जी व्याख्या आहे, तीत खटला चालविण्याबरोबर कायदेविषयक सल्ला देणेही येते. ही दहा मिनिटे त्या व्याख्येत बसतात.

हे काम कोणी करायचे? प्राधिकरणाने, हे उत्तर सरळ आहे आणि अपुरे आहे. विधी सेवा प्राधिकरणाचे सदस्य-सचिव न्यायाधीश असतात, तालुक्याच्या विधी सेवा समितीवरही न्यायाधीशच असतात, आणि त्यांच्यावर न्यायदानाचा भार आधीच पुरेसा आहे. १९८७ चा कायदा करणाऱ्यांना याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी आठव्या कलमात राज्य प्राधिकरणाने इतर सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठे आणि गरिबांच्या विधी सेवेसाठी झटणाऱ्या अन्य मंडळांशी समन्वय ठेवून काम करावे असे लिहून ठेवले. आणि राष्ट्रीय प्राधिकरणाच्या कर्तव्यांत तळागाळातील सेवाभावी संस्थांचे साहाय्य मिळविण्यासाठी खास प्रयत्न करावेत असेही नमूद केले. सहकार्य ही कोणाच्या मर्जीची बाब नाही, कायद्यानेच ते सांगितले आहे.

असे सहकार्य काय करू शकते याचा दाखला आपल्या न्यायेतिहासात आहे. १९७९ च्या आरंभी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांत पाहिलेल्या गोष्टींवर ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले. हे रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे; सीमा सुरक्षा दलाची उभारणी करणारे पोलीस अधिकारी. त्यांनी पाहिले होते ते असे की, ज्या आरोपाखाली दोषी ठरले असते तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ कित्येक माणसे खटला न चालता तुरुंगात पडून आहेत. दिल्लीच्या वकील कपिला हिंगोराणी यांनी ते लेखन हाती घेऊन सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या पीठापुढे चाललेला हाच तो हुसैनआरा खातून खटला. वकील परवडत नाही अशा आरोपीला राज्याच्या खर्चाने वकील मिळणे हा संविधानाच्या एकविसाव्या कलमाचाच भाग आहे, हे या खटल्याने प्रस्थापित केले आणि हजारो बंद्यांची दारे उघडली. एक पोलीस अधिकारी, एक वृत्तपत्र, एक वकील आणि एक न्यायाधीश. चौघांची कामे निराळी, आणि चौघांपैकी कोणा एकट्याच्याने ते झाले नसते. त्याआधीच्या वर्षी होसकोट खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बंद्याला निकालपत्राची प्रत मोफत देण्याचा आणि अपिलासाठी वकील देण्याचा दंडक घालून दिला होता. त्याला निमित्त झाले होते निकालाची प्रत वेळेवर बंद्याच्या हाती न पडल्याचे. कारकुनी हयगयीने एखाद्याचे अपील बुडू शकते, हे न्यायालयाच्या लक्षात आले ते असे.

फौजदारी बाजूला त्यानंतर बरीच प्रगती झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०२२ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाने पूर्णवेळ बचाव-वकिलांची योजना आणली आहे. सरकारी वकिलाप्रमाणे आरोपीच्या बाजूलाही नेमलेला, खासगी वकिली न करणारा वकील असावा, ही त्यामागील कल्पना योग्यच आहे. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्याला तिचा उपयोग होईल. पण मुंडकार, कूळ, परित्यक्ता, थकलेल्या मजुरीसाठी भांडणारा कामगार, यांची दिवाणी आणि महसुली प्रकरणे अजूनही यादीवरच्या वकिलांकडेच जातात. त्यांना मिळणारे मानधन बाजारातल्या शुल्काच्या मानाने तुटपुंजे असते. ‘फुकटचा वकील’ हा शब्द लोकांच्या तोंडी उपहासाने येतो तो उगीच नव्हे. मानधन वाढविले पाहिजे, हे तर खरेच. परंतु केवळ पैशाने हा प्रश्न सुटत नाही. इंग्लंडने १९४९ साली सरकारी खर्चाने विधी साहाय्याची जगाला हेवा वाटावा अशी व्यवस्था उभारली आणि २०१३ पासून घरे, कर्जे, कुटुंब अशा कितीतरी दिवाणी प्रकारांतून ती काढूनही घेतली. सरकारच्या तिजोरीवर सर्वस्वी विसंबलेली सेवा सरकारच्या मनात येईल तेव्हा आक्रसते.

गोव्याला या बाबतीत एक चांगली पूर्वपुण्याई लाभलेली आहे. पणजीच्या साळगावकर विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन विधी साहाय्य केंद्रे चालविण्याची प्रथा पाडली आहे. मडगावच्या कारे विधी महाविद्यालयाचे मनुष्यबळही हाताशी आहे. विद्यार्थी पंचायतीत बसतात, अर्ज लिहून देतात, कोणत्या कचेरीत जावे हे सांगतात. ज्याने हे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला त्याचे मोल सांगावयास नको. पण त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विद्यार्थ्याला न्यायालयात उभे राहता येत नाही. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही. शिवाय परीक्षा आल्या की केंद्र ओस पडते, आणि पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी येतो, त्याला मागच्या वर्षी त्या म्हातारीला काय सांगितले होते याचा पत्ता नसतो. म्हातारी पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगते. तिसऱ्या वर्षी ती येतच नाही.

येथेच दुसऱ्या हाताची गरज आहे. विद्यार्थ्याने कागद लावून, तारखा मांडून, हकीगत लिहून प्रकरण तयार करावे आणि त्या तालुक्याच्या वकील संघाने ते पुढे न्यायालयात न्यावे, असा करार झाला पाहिजे. आमच्या वकील संघांनी हे मनावर घेतले तर अवघड काहीच नाही. गरजू व पीडितांना मोफत साहाय्य देणे हे वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकी एक आहे, असे बार कौन्सिलच्या नियमांतच म्हटलेले आहे. दर वकिलाने वर्षाकाठी दोन प्रकरणे घेतली तरी मामलेदाराच्या व्हरांड्यातली गर्दी बरीच विरळ होईल. ज्येष्ठांनी घ्यावीत, नवशिक्यांच्या माथी मारू नयेत. गरिबाच्या खटल्यावर हात साफ करून घ्यावा आणि मग श्रीमंताचा घ्यावा, ही आपल्याकडची पद्धत वैद्यकातही वाईट आणि वकिलीतही वाईट.

पोर्तुगीज दस्तांचा प्रश्न तर वकिलांच्याही आवाक्याबाहेर चालला आहे. १९६१ पूर्वीचे दस्त, जुन्या मात्रिझच्या नोंदी, कोमुनिदादचे कागद वाचणारी पिढी काळाआड जात आहे. अनुवादकाचे पैसे श्रीमंत वारस देऊ शकतो, मुंडकार देऊ शकत नाही. आणि कित्येकदा त्याच एका कागदात त्याच्या आजाचे नाव लिहिलेले असते. पणजीच्या पुराभिलेख खात्याने आणि गोवा विद्यापीठाच्या पोर्तुगीज विभागाने प्राधिकरणाशी हातमिळवणी करून विधी साहाय्यास पात्र असलेल्यांसाठी अनुवादाची सोय केली, तर ते एक अपूर्व काम होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे पद लागत नाही. दोन खात्यांनी एकमेकांना पत्र लिहायला लागते.

गावातल्या संस्थांबद्दल मात्र भाबडेपणाने बोलून चालणार नाही. देवस्थानचा मंडप हा आमच्या गावाचा स्वाभाविक मेळाव्याचा ठाव; तेथे विधी साहाय्याचे केंद्र बसवावे ही सूचना मोहात पाडणारी आहे. पण पुष्कळ ठिकाणी महाजनांपैकी कोणी भाटकार असतो, कित्येकदा देवस्थान स्वतःच जमिनीचे मालक असते. त्या मंडपात बसून कूळ देवस्थानाविरुद्ध तोंड उघडील, हे संभवत नाही. पंचायतीचेही तसेच. पंचाने ज्याच्या घराला परवाना नाकारला, तो पंचायतीच्याच खोलीत तक्रार सांगायला कसा येणार? आणि आमदाराच्या कार्यालयातून चाललेल्या ‘लोकसेवे’ची गोष्ट तर विचारूच नये. तेथे अर्ज लिहून मिळतो, मामलेदाराला दूरध्वनीही जातो, पण तो हक्क म्हणून नव्हे, उपकार म्हणून. आणि उपकाराची फेड मतपेटीत मागितली जाते. विधी साहाय्याला सर्वांत मोठा शत्रू वकिलांचे शुल्क नसून ही उपकाराची वृत्ती आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आमच्या दृष्टीने यासाठी सर्वांत योग्य जागा गावचे वाचनालय आणि शाळा. गोव्यात मराठी वाचनालयांची जी परंपरा आहे, ती मुक्तीपूर्व काळापासून लोकांनी वर्गणी काढून जोपासली आहे. तेथे मालक कोणी नाही, कूळ कोणी नाही. निवृत्त शिक्षक, निवृत्त तलाठी, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका यांच्यापैकी काहींनी पॅरालीगल स्वयंसेवकाचे प्रशिक्षण घ्यावे. राष्ट्रीय प्राधिकरणाची अशी योजना २००९ पासून आहे. त्यांनी खटला लढवावयाचा नाही, सल्ल्याच्या नावाखाली वकिली करावयाची नाही. आलेल्याचे ऐकून घ्यावे, कागद पाहावेत, तो कोणत्या वर्गात बसतो ते तपासून अर्ज भरून द्यावा, आणि तालुक्याच्या समितीकडे पाठवून वकिलाचे नाव येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. उत्पन्नाचे प्रमाणपत्र नाही म्हणून कोणाला माघारी पाठवू नये; उत्पन्नाबाबत प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, अशी सोय कायद्यातच आहे.

शिबिरांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. समई, पाहुण्यांचे स्वागत, तीन भाषणे, चहा-बिस्किटे आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र, एवढ्यावर विधी साक्षरतेचे शिबिर संपते. ही छायाचित्रे आम्हीही छापतो, तेव्हा दोषात आमचाही वाटा आहे. त्या शिबिरात किती जणांचे अर्ज भरून घेतले आणि त्यांपैकी किती जणांना वकील मिळाला, हा आकडा संयोजकांनी आम्हांस कळवावा. यापुढे छायाचित्राऐवजी आम्ही तो आनंदाने छापू. लोकअदालतींच्या आकड्यांनी मात्र आमचे समाधान होत नाही. १९८२ साली गुजरातेत जुनागढ जिल्ह्यात पहिली लोकअदालत भरली तेव्हापासून या संस्थेने हजारो तंटे मिटविले, कोर्ट फी परत मिळवून दिली, हे उपकारक आहे. परंतु तेथील तडजोड हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसते. ज्याच्या शेजारी वकील नाही अशा माणसाला समजूत घालून सही करायला लावणे आणि त्याला न्याय मिळवून देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. तडजोडीच्या टेबलावर बसण्यापूर्वी त्याला सल्ला मिळाला होता की नाही, याची नोंद प्रत्येक प्रकरणात असली पाहिजे.

वाळपई, सांगे, काणकोण, धारबांदोडा या भागांत हे काम आधी सुरू करावे. वनहक्काचे २००६ च्या कायद्याखालील दावे, मोकाशाच्या जमिनी, २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्यावर विस्कटलेले कामगार, हे सारे याच पट्ट्यात आहेत, आणि वकिलांची कार्यालये बहुतेक किनाऱ्याजवळच्या शहरांत. तेथून आलेल्या माणसाचा एक दिवसाचा रोज तारखेपायी बुडतो. महाविद्यालयांनी, वकील संघांनी आणि प्राधिकरणाने प्रत्येकी एक प्रतिनिधी देऊन तालुकावार वेळापत्रक ठरवावे. महिन्यातून दोन रविवार ठरलेले असावेत आणि ते चुकू नयेत. प्रत्येक प्रकरणाची वही वाचनालयातच राहावी, म्हणजे विद्यार्थी बदलला तरी हकीगत हरवणार नाही. प्राधिकरणाचा १५१०० हा मोफत दूरध्वनी क्रमांक मामलेदाराच्या व्हरांड्यात, पोलीस ठाण्यात, आरोग्य केंद्रात मराठी व कोंकणीतून ठळक अक्षरांत लिहावा. घरगुती हिंसाचाराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला मोफत विधी सेवेचा हक्क सांगणे हे २००५ च्या कायद्याने पोलिसांचे कर्तव्यच केले आहे. भिंतीवरचा फलक त्यांनाही आठवण देईल.

या साऱ्याला लागणारी सामग्री म्हणजे एक खोली, दोन बाके, कुलूपबंद कपाट आणि रविवारी वेळेवर किल्ली घेऊन येणारा एक माणूस. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक वाचनालयांत आजच आहेत. किल्लीवाल्याचे नाव ज्या गावांनी निश्चित केले असेल, त्यांनी ते तालुका विधी सेवा समितीकडे नोंदवावे. आणि समितीने महिन्याभरात वकील व विद्यार्थी पाठविले नाहीत, तर ते आम्हांस कळवावे.